त्वचाविकार, टक्केवारी आणि अपील : अमेरिकन माजी सैनिकांच्या भरपाईच्या इतिहासातील एक प्रकरण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सैनिकी सेवेमुळे जडलेल्या व्याधींबद्दल माजी सैनिकांना जी मासिक भरपाई देण्यात येते, तिचे प्रमाण एका सरकारी अनुसूचीवरून ठरते. या अनुसूचीत प्रत्येक व्याधीस एक क्रमांक असून त्या क्रमांकाखाली तीव्रतेनुसार टक्क्यांच्या पायऱ्या लावलेल्या आहेत. क्रमांक ७८०६ हा इसबाचा. १९४५च्या अनुसूचीतून चालत आलेली या क्रमांकाखालील जुनी तरतूद ३० ऑगस्ट २००२ पर्यंत अमलात होती. तीत सर्वांत वरची पायरी ५० टक्क्यांची होती, आणि तिच्यासाठी सांगितलेल्या लक्षणांत व्रण, विस्तृत पापुद्रे किंवा खपल्या, शरीराच्या इतर भागांवर अथवा मज्जासंस्थेवर झालेले परिणाम यांच्या बरोबरीने, त्यांना पर्याय म्हणून, आणखी एक लक्षण नमूद केलेले होते : विकार असाधारण किळसवाणा असणे.

कायद्याच्या पुस्तकात किळस हे मापनाचे साधन व्हावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटते. ज्या व्यवस्थेचा घोषित उद्देश सैनिकाच्या कमाईच्या शक्तीत आलेली उणीव मोजणे हा आहे, तिने पाहणाऱ्याच्या मनात उठणारी शिसारी मोजावी, हे कसे घडले? आणि ती मोजणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय अमान्य असेल, तर सैनिकाने दाद कोठे मागावी? पुढील विवेचनात या दोन प्रश्नांचा मागोवा एकत्रच घ्यावयाचा आहे, कारण प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. तुटलेला पाय परीक्षेच्या दिवशीही तुटलेलाच असतो. इसब तसा नसतो. तो कधी उफाळतो, कधी निवतो, मलमाने दबतो आणि मलम सोडताच पुन्हा डोके वर काढतो. अशा विकाराची टक्केवारी ठरविताना मुख्य वाद तो किती आहे याचा नसून तो कोणी व केव्हा पाहिला याचा असतो. आणि हा वाद न्यायालयात नेण्याची वाट १९८८ पर्यंत जवळजवळ बंदच होती.

आपल्या भाषेतील 'अपंग' हा शब्दच पाहावा. तो उच्चारताच डोळ्यांपुढे येते ते गमावलेले किंवा निकामी झालेले अंग. त्वचा हीदेखील शरीराचे एक अंगच, किंबहुना विस्ताराने सर्वांत मोठे. तथापि नायटा किंवा इसब झालेल्या मनुष्यास आपण अपंग म्हणत नाही. अमेरिकेतील कायद्याची आरंभीची दृष्टी याहून फारशी निराळी नव्हती. यादवी युद्धाच्या काळात, १४ जुलै १८६२ रोजी, जो निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, त्यात साध्या शिपायास पूर्ण असमर्थतेबद्दल दरमहा ८ डॉलर ठरविलेले होते, आणि असमर्थता म्हणजे शारीरिक श्रम करण्याची असमर्थता असे मानले जाई. अंशतः असमर्थ असणाऱ्यास या रकमेचा अंश मिळे. तो अंश ठरविण्यासाठी सरकारने नेमलेले शल्यवैद्य दावेदारास तपासत. दावा फेटाळला गेल्यास निवृत्तिवेतन कार्यालयाच्या निर्णयावर अंतर्गत कारभार खात्याच्या मंत्र्याकडे अपील करता येत असे, आणि अशा अपिलांवरील निर्णयांचे खंड पुढे छापून प्रसिद्धही झाले. न्यायालय मात्र या व्यवस्थेत कोठेच नव्हते. वकिलाच्या मेहनतान्यास १८६२मध्ये ५ डॉलरची आणि १८६४मध्ये १० डॉलरची मर्यादा घालण्यात आली. दलालांनी सैनिकांस लुबाडू नये हा तिचा हेतू स्तुत्यच होता. परंतु १० डॉलरची ही मर्यादा पुढे सव्वाशे वर्षे हलली नाही. १८६४मध्ये जी रकम वकिलास काही प्रमाणात तरी पुरेशी होती, ती १९८०च्या सुमारास केवळ नाममात्र उरली होती. तरीही १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा राज्यघटनेशी विसंगत नाही असा निवाडा दिला. संरक्षणासाठी बांधलेली भिंत कालांतराने कोंडवाडा कशी होते, याचे हे उदाहरण विचार करण्यासारखे आहे.

पहिल्या महायुद्धात दृष्टी बदलली. १९१७च्या कायद्याने असे ठरविले की, भरपाईचे प्रमाण नागरी व्यवसायांतील कमाईच्या शक्तीत त्या त्या व्याधीमुळे सरासरीने जी घट होते, तिच्यावरून काढावे. येथे 'सरासरी' हा शब्द कळीचा आहे. अमुक एका सैनिकाचे प्रत्यक्ष किती नुकसान झाले हे पाहावयाचे नाही, तर तशी व्याधी असलेल्या सर्वसाधारण माणसाचे किती होते हे पाहावयाचे. १९२५च्या अनुसूचीने सैनिकाचा पूर्वीचा व्यवसाय विचारात घेण्याचा प्रयत्न केला. १९३३मध्ये तो सोडून देण्यात आला आणि सरासरीचे तत्त्व पुन्हा प्रस्थापित झाले, ते आजतागायत आहे. या तत्त्वाचे गुण पुष्कळ आहेत, विशेषतः समान व्याधीस समान भरपाई हा. त्वचाविकाराच्या बाबतीत मात्र ते अडखळते. हातास इसब असलेला हिशेबनीस आणि हातास इसब असलेला आचारी यांच्या कमाईवर होणारा परिणाम एक नव्हे. आचाऱ्याची नोकरी जाईल, हिशेबनिसाची बहुधा जाणार नाही.

१९३३ हे वर्ष दुसऱ्या एका कारणाने महत्त्वाचे आहे. महामंदीच्या ऐन भरात, २० मार्च १९३३ रोजी, रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीच्या आरंभीच काटकसरीचा कायदा संमत झाला. त्याने माजी सैनिकांच्या भरपाईत मोठी कपात तर केलीच. शिवाय या विषयावरील प्रशासनाचे निर्णय, मग ते कायद्याच्या मुद्द्यावर असोत वा वस्तुस्थितीच्या, अंतिम ठरविले. म्हणजे त्यांवर न्यायालयात जाता येणार नाही. त्याच वर्षी २८ जुलै रोजी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने माजी सैनिकांच्या अपिलांसाठी एक मंडळ स्थापन झाले. बोर्ड ऑफ व्हेटरन्स अपील्स म्हणून ओळखले जाणारे हे मंडळ प्रशासनाच्याच अंगभूत होते. त्याच्या तीन सदस्यांच्या तुकड्यांत वकिलांच्या जोडीस बहुधा एक वैद्य बसे, आणि त्यामुळे दावेदाराच्या कागदपत्रांत वैद्यकीय मत पुरेसे नसले, तरी मंडळ आपल्या वैद्यक सदस्याच्या ज्ञानावर विसंबून निकाल देऊ शके. त्या ज्ञानाची उलटतपासणी करण्याची सोय अर्थातच नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाने त्वचाविकारांचा प्रश्न लष्करापुढे पहिल्यांदाच इतक्या मोठ्या प्रमाणावर उभा केला. नैर्ऋत्य पॅसिफिकच्या दमट बेटांवर बुरशीजन्य विकार आणि चिघळणारे व्रण इतके सर्रास झाले की, शिपायांनी त्या सर्वांस मिळून 'जंगली कुज' अशा अर्थाचे एक टोपणनाव दिले. त्यातच हिवतापावर दिल्या जाणाऱ्या अटॅब्रिन या औषधाने काही सैनिकांच्या अंगावर जाड, जांभळट चट्टे उठू लागले. ते औषधाचेच फळ आहे हे ध्यानात येण्यास काही काळ जावा लागला. पुढे व्हिएटनाममध्ये, मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातील भातखाचरांत दिवसचे दिवस पाण्यात वावरणाऱ्या नवव्या पायदळ डिव्हिजनमध्ये, पायांच्या त्वचेच्या विकारांमुळे इतके शिपाई निकामी होऊ लागले की, पाण्यात सलग किती काळ राहावयाचे यावरच बंधन घालावे लागले. या विकारांपैकी पुष्कळसे सेवा संपताच बरे होत. जे बरे झाले नाहीत, त्यांची गाठ १९४५च्या अनुसूचीशी पडली.

या अनुसूचीतील ७८०६ क्रमांकाच्या पायऱ्या आता सविस्तर पाहू. कपड्यांखाली झाकलेल्या किंवा अल्पशा भागावर थोडीफार खाज, लस वा पापुद्रे असतील तर शून्य टक्के. उघड्या अथवा विस्तृत भागावर असतील तर १०. खाज किंवा स्राव सततचा असेल, अथवा चट्टे विस्तृत असतील, अथवा विद्रूपता ठळक असेल तर ३०. आणि वर सांगितल्याप्रमाणे ५०. शून्य टक्के हा शब्दप्रयोग वाचकांस चमत्कारिक वाटेल. त्याचा अर्थ असा की, विकार सेवेमुळे जडला हे सरकारला मान्य आहे. मात्र त्याबद्दल पैसा मिळणार नाही. दहा टक्क्यांपासून मासिक रक्कम सुरू होते. यास्तव बहुसंख्य त्वचाविकारी सैनिकांच्या दृष्टीने खरी लढाई शून्य आणि दहा, किंवा दहा आणि तीस यांच्या मधल्या उंबरठ्यावर होत असे.

या पायऱ्यांतील विशेषणे ध्यानात घ्यावीत : अल्प, विस्तृत, सतत, ठळक, असाधारण. यांपैकी एकाचीही व्याख्या अनुसूचीत नव्हती. 'झाकलेला' आणि 'उघडा' या भेदावरून कर्त्यांच्या मनातील कल्पना मात्र स्पष्ट होते. त्वचाविकारी मनुष्य कमाईस मुकतो तो मुख्यतः दुसऱ्यांना तो दिसतो म्हणून, असे त्यांनी गृहीत धरले होते. दुकानदार अशा माणसास गल्ल्यावर बसवणार नाही, गिऱ्हाईक त्याच्या हातचे घेणार नाही. किळस अनुसूचीत शिरली ती या वाटेने, आणि या अर्थी ती कमाईच्या तत्त्वाशी अगदीच विसंगत नव्हती. परंतु रात्रभर खाजेने जागणारा, सकाळी रक्ताळलेला सदरा बदलून कामावर जाणारा मनुष्य या दृष्टीत बसत नाही. त्याचे दुःख सदऱ्याखाली असते.

व्हिएटनामच्या युद्धाने या प्रश्नास राजकीय धार आणली. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकन सैन्याने तेथील जंगलांवर जी वनस्पतिनाशके फवारली, त्यांपैकी 'एजंट ऑरेंज' या मिश्रणात डायॉक्सिनचा अंश होता. आणि डायॉक्सिनच्या संसर्गाचे निर्विवाद लक्षण म्हणून क्लोरॅक्ने नावाचा पुटकुळ्यांचा चिवट विकार वैद्यकास ठाऊक होता. १९८४मध्ये काँग्रेसने या संसर्गासंबंधी नियम करण्याची आज्ञा प्रशासनास दिली. १९८५च्या नियमांत प्रशासनाने एकटा क्लोरॅक्नेच मान्य केला. कर्करोगाने मरणाऱ्या सैनिकांस हे क्रूर वाटले यात नवल नाही. १९८९च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने हे नियम कार्यकारणभावाची अवाजवी कठोर कसोटी लावतात असे ठरवून ते बाजूला सारले, आणि १९९१च्या कायद्याने क्लोरॅक्नेच्या जोडीस इतर विकारांची दारे उघडली. या प्रकरणातील ज्या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही, ती अशी की, मान्य झालेल्या क्लोरॅक्नेचा लाभही थोड्यांनाच मिळाला; कारण पुढील नियमांत तो शेवटच्या संसर्गापासून एका वर्षाच्या आत निदान दहा टक्क्यांच्या तीव्रतेने प्रकट झालेला असला पाहिजे अशी अट होती. त्या वर्षी, युद्धभूमीवर किंवा नुकतेच घरी परतल्यावर, कोणत्या तरुणाने चेहऱ्यावरील पुटकुळ्यांची वैद्याकडे नोंद करून ठेवली असेल?

१८ नोव्हेंबर १९८८ रोजी माजी सैनिकांच्या न्यायिक दादीचा कायदा झाला. त्याने अपील मंडळाच्या वर एक स्वतंत्र न्यायालय स्थापन केले. मंडळाच्या निर्णयापासून १२० दिवसांच्या आत तेथे जाता येऊ लागले, मंडळाने आपल्या निर्णयाची कारणे लेखी दिलीच पाहिजेत असे बंधन आले, आणि १० डॉलरची जुनी मर्यादाही मोडली. न्यायालयाच्या पहिल्या काही वर्षांतील निवाडे वाचताना, बंद घराच्या खिडक्या एकामागून एक उघडाव्यात तसे वाटते. पुराव्याचे पारडे समसमान असेल तर कौल सैनिकाच्या बाजूने द्यावयाचा, हे तत्त्व नियमांत पूर्वीपासून होते. १९९०मध्ये न्यायालयाने ते मंडळावर खरोखरीच बंधनकारक असल्याचे सांगितले. १९९१मध्ये त्याने ठरविले की, मंडळाने स्वतःच्या वैद्यकीय समजुतीवर विसंबून निकाल देऊ नये, कागदोपत्री असलेल्या स्वतंत्र वैद्यकीय पुराव्यावरून द्यावा. मंडळावरील वैद्याचे महत्त्व येथे संपले.

त्वचाविकाराच्या दृष्टीने निर्णायक ठरले ते १९९२ आणि १९९४ मधील दोन निवाडे. दोन्हींचा विषय कमीअधिक होणारे त्वचाविकार हाच होता. दुसरा तर पायांच्या बुरशीविकाराचा. सरकारी वैद्याने दावेदारास तपासले त्या दिवशी विकार निवलेला होता, आणि तेवढ्यावरून टक्केवारी ठरली होती. न्यायालयाने असे सांगितले की, ज्या विकारास उफाळण्याची आणि निवण्याची पाळी असते, त्याची परीक्षा तो उफाळलेला असताना व्हावयास हवी. उफाळा किती वेळा येतो, किती काळ टिकतो आणि त्या वेळी विकाराचे स्वरूप कसे असते, हेच पाहावयाचे आहे. वरवर साधी वाटणारी ही गोष्ट आहे. परंतु १८६२पासून चालत आलेल्या, 'वैद्याने एका दिवशी पाहिले ते सत्य' या कल्पनेस तिने प्रथमच छेद दिला. व्याधीस काळ असतो, हे कायद्याने मान्य केले.

अर्थात या तत्त्वासही मर्यादा पडल्या. एक-दोन दिवस टिकणाऱ्या उफाळ्याच्या ऐन वेळी परीक्षा घडवून आणणे व्यवहारात अशक्यप्राय असते, हे त्याच न्यायालयाने १९९९मध्ये मान्य केले. तेव्हा सैनिकांनी आणि त्यांच्या साहाय्यक संघटनांनी दुसरा मार्ग धरला : विकार वैद्यापर्यंत नेता येत नसेल, तर त्याची साक्ष न्यावयाची. उफाळ्याच्या दिवशी तारखेसह काढलेली छायाचित्रे, कोणत्या दिवशी काय झाले याची रोजनिशी, औषधालयातील नोंदी, आणि पत्नीचे अथवा सहकाऱ्याचे लेखी निवेदन. अंगावरील पुरळ दिसण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही; जे इंद्रियांनी कळते त्याची साक्ष सामान्य मनुष्यही देऊ शकतो, हे न्यायालयांनी मान्य केलेले आहे. रक्ताचे डाग धुणाऱ्या पत्नीची साक्ष अशा रीतीने सरकारी कागदांत आली. इतिहासाच्या अभ्यासकास या निवेदनांचे मोल वेगळे सांगावयास नको.

३० ऑगस्ट २००२ रोजी त्वचाविकारांची अनुसूची नव्याने लिहिली गेली. किळस गेली, 'ठळक' आणि 'असाधारण' गेले. त्यांच्या जागी क्षेत्रफळ आले. सर्व शरीराचा किंवा उघड्या भागांचा ५ टक्क्यांहून कमी भाग ग्रस्त असेल तर शून्य, ५ ते २० असेल तर १०, २० ते ४० असेल तर ३०, आणि ४०हून अधिक असेल तर ६०. बोटांसह तळहात म्हणजे शरीराचा सुमारे एक टक्का, असा वैद्यकातील ढोबळ हिशेब आहे; म्हणजे भरपाई सुरू होण्यास साधारणतः पाच तळहात त्वचा बिघडलेली हवी. हे मोजमापही डोळ्यांच्या अंदाजानेच होते, परंतु निदान त्या अंदाजाशी वाद घालता येतो. क्षेत्रफळास पर्याय म्हणून उपचाराची कसोटी घातली गेली. मागील बारा महिन्यांत कॉर्टिकोस्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांसारखा सर्वदेही उपचार एकूण सहा आठवड्यांहून कमी काळ लागला तर १०, सहा आठवडे किंवा अधिक लागला तर ३०, आणि तो जवळजवळ सततचा असेल तर ६० टक्के. केवळ वरून लावण्याची औषधे पुरली तर शून्य. ही कसोटी सूक्ष्म विचार करून घातलेली दिसते. उपचाराने दबलेला विकार परीक्षेच्या दिवशी दिसत नाही. पण तो दाबण्यास काय द्यावे लागते, हे औषधांच्या नोंदीत उरते.

या तरतुदीतूनच पुढील वाद उद्भवला. स्टेरॉइडचे मलम हा सर्वदेही उपचार मानावयाचा की नाही? २०१६मध्ये माजी सैनिकांच्या अपील न्यायालयाने बहुमताने सांगितले की, नियमात कॉर्टिकोस्टेरॉइड असे स्पष्ट लिहिलेले आहे, तोंडाने घेतलेले की त्वचेवर लावलेले असा भेद केलेला नाही. म्हणून मलमही त्यात येते. या अर्थाने पाहिल्यास वर्षभर रोज मलम लावणाऱ्यास थेट ६० टक्के मिळावयास हवे होते. १४ जुलै २०१७ रोजी त्यावरील संघीय अपील न्यायालयाने हा निवाडा फिरविला. त्याचा तर्क असा : नियम स्वतःच 'सर्वदेही' आणि 'वरून लावण्याचे' असे दोन शब्द परस्परांच्या विरोधात योजतो, तेव्हा एकाने दुसऱ्यास गिळून टाकावे असा अर्थ लावता येणार नाही. मात्र मलम इतक्या मोठ्या भागावर लावले जात असेल की त्याचा परिणाम सर्व देहावर व्हावा, तर ते सर्वदेही ठरू शकेल, एवढी फट त्याने मोकळी ठेवली.

भाषेच्या दृष्टीने संघीय न्यायालयाचे म्हणणे अधिक सुसंगत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. खालच्या न्यायालयाचा अर्थ स्वीकारला असता शून्य टक्क्यांच्या पायरीतील शब्दांस काही अर्थच उरला नसता. तथापि खालच्या न्यायालयाने ज्या वास्तवाकडे बोट दाखविले, ते त्यामुळे नाहीसे होत नाही. वर्षानुवर्षे तीव्र स्टेरॉइडचे मलम लावणाऱ्याची त्वचा कागदासारखी पातळ होते, जरा घासताच फाटते, आणि तरीही त्याचा उपचार 'केवळ वरून लावण्याचा' म्हणून गणला जातो. ज्या फटीचा उल्लेख वर केला, तीही फार काळ राहिली नाही. १३ ऑगस्ट २०१८ रोजी अमलात आलेल्या सुधारित अनुसूचीत प्रशासनाने सर्वदेही उपचाराची व्याख्याच करून टाकली : त्वचेखेरीज अन्य कोणत्याही मार्गाने, तोंडावाटे, सुईने, नाकावाटे दिला जाणारा, तो सर्वदेही, त्वचेतून दिला जाणारा, तो स्थानिक. न्यायालयांत दोन वर्षे चाललेला अर्थाचा वाद एका व्याख्येने मिटविण्यात आला, आणि तो कोणाच्या बाजूने मिटला हे सांगणे नलगे.

अपिलाची पद्धतही याच सुमारास बदलली. २३ ऑगस्ट २०१७ रोजी संमत झालेला आणि १९ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेला कायदा सैनिकापुढे तीन वाटा ठेवतो : नवा पुरावा जोडून पूरक दावा करणे, आहे त्या कागदांवर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरविचार मागणे, किंवा थेट मंडळाकडे जाणे. वर्षाच्या आत यांपैकी एक वाट धरल्यास मूळ दाव्याची तारीख टिकते, आणि थकबाकी त्या तारखेपासून मिळते. त्वचाविकाऱ्याने दुसरी वाट विचारपूर्वकच धरावी. कारण तीत नवे छायाचित्र किंवा नवे निवेदन दाखल करता येत नाही, आणि त्याचा दावा बहुधा उभा असतो तो अशाच कागदांवर.

१३ ऑगस्ट २०१८ पूर्वी दाखल झालेले आणि त्या दिवशी प्रलंबित असलेले दावे जुन्या व नव्या अशा दोन्ही कसोट्यांवर तपासून सैनिकास जी अधिक हिताची असेल ती लावावी, असे प्रशासनाने त्या सुधारणेच्या वेळीच जाहीर केले. त्यामुळे अशा दाव्यांच्या कागदपत्रांत रद्द झालेल्या नियमाचे शब्द नव्या नियमाशेजारी उतरवून घ्यावे लागले, आणि वर्षांपूर्वी लावलेले मलम किती भागावर लावले होते, हा प्रश्न पुन्हा विचारावा लागला.